गोचीड कुणाची?

सगळी डबकी आटली आणि आष्टीजवळच्या रानात वनखात्याचा एकच पाणवठा उरला. रायभानच्या शेळ्या आणि हरणं तिथे खेटून पाणी पिऊ लागली. शेळ्यांच्या अंगावर गोचीड वाढली, तसा रायभान वनखात्याच्या डॉक्टरीणबाईंपुढे जाऊन उभा राहिला.

"म्याडम, तुमच्या हरणांनी माझा कळप नासवला. पाणवठ्याला जल्दी कुंपण घाला!"

"गेल्या साली शेळ्यांना गोचीड नव्हती?"

"होती की! ती दरसालचीच हाये. यंदा औषधालाबी ऐकून न्हाई राह्यली, एवढंच."

"गेल्या साली पाणी जागोजाग होतं, मामा. तेव्हा हरणांच्या अंगावर एकही गोचीड नव्हती," बाई म्हणाल्या.

कुंपण आठ दिवसांत झालं.



रानाच्या बाजूने उघडं, गावाच्या बाजूने बंद.