सकाळचं वजन

"एकशे एकोणसाठ," वेंडेल क्रूगर फोनवर म्हणाला.

"अरे वा! कालच्यापेक्षा एकनं जास्त," त्याची मुलगी मार्ला म्हणाली. "शाब्बास, पिकल!"

पिकल हा पोपट. तो आदल्या दुपारीच मेला होता. अठ्ठावीस वर्षांचा होता. दांडीवरून खाली पडला आणि उठला नाही. त्यांच्या डुलूथ गावात फेब्रुवारीत जमीन अशी गोठते की कुदळ उलटी उडते. म्हणून वेंडेलनं त्याला आइस्क्रीमच्या रिकाम्या डब्यात घातलं आणि फ्रीझरमध्ये ठेवलं, मटारच्या पिशवीशेजारी. मग हात धुतले. आता काहीतरी वाटायला हवं होतं. त्यानं थोडा वेळ वाट पाहिली. काही वाटेना, तेव्हा टीव्ही लावला.

पोपट खरं तर त्याच्या बायकोचा, लॉरेनचा. डिसेंबरात ती गेली. मार्ला मॅडिसनला पक्ष्यांच्या दवाखान्यात काम करायची, तिनंच पिकलला न्यायला हवं होतं. पण तिच्या घरी दोन मांजरं. तेव्हा तिनं बापाला नियम घालून दिला. आजारी पक्षी शेवटपर्यंत आजार लपवतो, खरं बोलतो तो फक्त काटा. म्हणून रोज सकाळी सातला, त्याच्या पोटात दाणा जाण्याआधी, वजन करायचं आणि फोनवर ग्रॅम सांगायचे. हे काम बापाला जमेल याची तिला खात्री होती. वेंडेल एकतीस वर्षं वजनमापं खात्यात इन्स्पेक्टर होता. खाटकांचे काटे आणि पेट्रोलचे पंप तपासण्यात त्याचा जन्म गेला होता. माणसांशी बोलण्याचं खातं लॉरेनकडे होतं.

वीस वर्षं बाप-लेकीचं फोनवरचं सगळं संभाषण एका वाक्याचं होतं. "थांब, आईला देतो." आता द्यायला आई नव्हती. पोपट होता. पोपटही गेला म्हणून सांगितलं, की फोन कशाला यायचा? वेंडेलनं हा विचार फ्रीझरचं दार लावतानाच करून ठेवला होता.

त्यामुळे फोन येत राहिला.

"एकशे छप्पन्न."

"खातोय का?"

"थोडंसं. काल अर्धं बिस्किट."

"बिस्किट? डॅड, तो काय चर्चमध्ये चहाला आलेला पाहुणा आहे? फळं द्या, भाज्या द्या." आठवड्यानं एकशे त्रेपन्न झाले, तेव्हा तिनं विचारलं, "झोपतो का नीट?"

"तीनला जाग येते."

"आणि शी?"

"हे सांगायलाच हवं?"

"डॅड! पक्ष्याची अर्धी तब्येत शीवरून कळते."

"कमी होते," वेंडेल म्हणाला. इतक्या आपुलकीनं तिनं आजवर घरातल्या कुणाची चौकशी केल्याचं त्याला आठवत नव्हतं.

ती फोटो मागायची. त्याच्याकडे भिंतीवरचा फोन होता, त्यात फोटो निघत नाही. गावातल्या जनावरांच्या डॉक्टरांवर तिचा भरवसा नव्हता. कुत्र्याच्या पुढचं त्यांना कळत नाही, असं तिचं मत. मग ती औषधासारखे उपाय सांगायची. ऊन द्या. रेडिओ लावून ठेवा. गाजर किसून द्या. वेंडेल सगळं लिहून घ्यायचा. गाजरं आणायचा, किसायचा, आणि किसलेल्या गाजराकडे बघत बसायचा. रोज पिंजऱ्यातलं पाणी बदलायचा, तळाला त्या दिवसाचा पेपर घालायचा. पेपर वाचून झालेला नसे. त्याला वाचायचाही नसे.

"एकशे सत्तेचाळीस."

"बोलतो का काही?"

"नाही."

"दिवसभर करतो काय मग?"

"खिडकीपाशी बसतो."

"एकतीस वर्षं सगळ्या परगण्याचे काटे सरळ केलेत तुम्ही," मार्ला म्हणाली, "आणि एक पोपट सांभाळता येईना? आईला काय तोंड दाखवाल?" मग तिचं तिलाच कसंतरी झालं असावं. ती म्हणाली, "बरं. उद्या सातला."

मार्चच्या मध्यावर वेंडेल म्हणाला, "एकशे बेचाळीस."

पलीकडून वहीची पानं उलटल्याचा आवाज आला.

"दहा टक्क्यांच्या वर गेलं हे," मार्ला म्हणाली. "आमच्याकडे दहा टक्के म्हणजे धावपळ. मी निघते. त्याला गरम ठेवा, आणि मी येईपर्यंत मरू देऊ नका, प्लीज!"

"बरं," वेंडेल म्हणाला.

ती दुपारी एकला पोचली. साडेपाच तास कुठे थांबली नव्हती. एका हातात ऊब द्यायचा दिवा, दुसऱ्या हातात भरवायची पूड आणि सिरिंज. दारात उभ्या असलेल्या बापाला बाजूला सारून ती बर्फानं माखलेल्या बुटांनिशी पिंजऱ्याशी गेली. पाणी ताजं होतं. गाजर किसलेलं होतं. दांडी रिकामी होती.

"कुठंय तो?"

"फ्रीझरमध्ये."

"कधी?"

"पाच आठवडे झाले."

मार्ला कोटासकट खुर्चीत बसली. सिरिंज अजून हातात होती. तिच्या चेहऱ्यावर राग यायला निघाला होता, वाटेत कुठेतरी अडला.

"पाच आठवडे मी रोज उठून तुमचे आकडे वहीत लिहितेय," ती म्हणाली. "दवाखान्यात सगळ्यांना दाखवतेय. ते काय मनानं सांगत होता?"

"मनानं कशाला?" वेंडेल म्हणाला. त्यानं पँट वर ओढली आणि तशीच मुठीत धरून ठेवली. "रोज सातला, उपाशीपोटी, बाथरूममधल्या काट्यावर उभा राहून सांगत होतो. फक्त ते पौंड होते. माझे."