प्यायचं पाणी

"थांबा, रंभाजीमामा! पाणी कशाला घालताय?"

चांगुणा एवढ्या जोरात ओरडली की भिंगारच्या बाजारातली गिऱ्हाइकं वळून बघायला लागली. खाटीक रंभाजीच्या एका हातात बकऱ्याच्या ताज्या रक्ताची बाटली होती, दुसऱ्यात तांब्या.

"गोठू नये म्हनून, बाई. दर खेपेला घालतो. रंगनाथला इचारा की."

कपाळ! रंगनाथ म्हणजे कॉलेजचा शिपाई. तीनदा त्यानं आणलेलं रक्त प्रयोगाआधीच फुटलेलं, निकामी निघालं आणि तिन्ही वेळा प्राध्यापक चांगुणाबाईंनी त्याच्या धक्के देणाऱ्या सायकलीचा उद्धार केला. आज चिडून स्वतः आली होती. रंगाचं औषध एका प्रयोगापुरतं उरलेलं, आणि विभागप्रमुखांनी बजावलेलं, "हा शेवटचा. नाही जमलं तर गाशा गुंडाळा."

"गोठू नये म्हणून बाटलीत औषध मीच घालून देते, मामा. रक्तात बारीक दाणे असतात, ते पाण्यानं फुगून फुटतात."

"फुटंनात का! रगत ते रगतच."

"तसं नाही हो. गोधडीला कसं, वरून धड लुगडं आणि खालून जुनेर? दाण्याच्या कातडीला तसे दोन पदर. एक प्रकारची चरबी आतल्या पदरातच जास्त, ती सहजी बाहेर येत नाही. माझं औषध तिला पिवळी करतं. दाणा धड असला तर औषध आत शिरत नाही, काचेच्या पट्टीवर डाग फिका पडतो. फुटला की आतलं बाहेरचं सगळं एकच पिवळं. मग मी दाखवू काय?"

रंभाजीनं तांब्या खाली ठेवला. तोंड एवढंसं झालं. "दुष्काळाचं साल, बाई. आमची म्हातारी लई लांबनं घागर आनती. तुमच्यासाठी प्यायचं पानी घालत हुतो."

चांगुणानं तांब्याकडे पाहिलं. पण ती हटणारी नव्हती. तिनं पिशवीतून दुसरी बाटली काढली.

"हिच्यात निम्मं रक्त ओता, पाण्याचा टिपूस नको. त्या पहिल्या बाटलीत मात्र पाणी घाला. तुमच्याच तांब्यातलं."

"आता का ओ?"

"धड रक्ताशेजारी फुटलेलं ठेवल्याशिवाय कोण विश्वास ठेवतो, मामा!"

टांगेवाले हाका मारत राहिले. धक्के नकोत म्हणून दोन्ही बाटल्या छातीशी धरून ती उन्हातून कॉलेजपर्यंत चालत गेली.

तिसऱ्या प्रहरी काचेच्या पट्टीवर दोन डाग उमटले. विभागप्रमुखांनी चष्मा पुसून पाहिलं.

"एक पिवळाजर्द, दुसरा जेमतेम दिसतोय. औषध कमी पडलं, चांगुणाबाई. पुन्हा फसलं."

"फसलं नाही, सर. फिका आहे म्हणजे दाणे धड आहेत, चरबी आतच आहे. त्याच्यासाठीच तर चालत आले."

विभागप्रमुख खुर्ची ओढून बसले. बराच वेळ पट्टी उजेडात धरून बघत राहिले.

"मग हा पिवळा?"

"तो रंभाजीमामांच्या प्यायच्या पाण्याचा," चांगुणा म्हणाली. "ते नसतं, तर या फिक्याला कुणी विचारलं असतं?"