ब्रशमधलं जावळ

"लेकराच्या खोलीत दुसऱ्याच्या घरचा झाडू आणू नोको बाई," सासूबाईंनी बजावलं, तेव्हा भावना हसली होती.

"झाडू कुठं आई, जुन्या व्हॅक्यूम क्लीनरचा ब्रश आहे हा."

"कचराच ओढते ना? मंग झाडूच झाला."

वरठीच्या भंगारवाल्याकडून असले जुने ब्रश, नळ्या आणून दुरुस्त करायचा भावनाला नाद होता. तान्ह्या अंकुशच्या झोळीशेजारी बसून ती हा ब्रश धुवायची, कंगव्याने विंचरायची, उन्हात वाळवायची. दुसऱ्या दिवशी त्यात पुन्हा मऊ, तांबूस केस अडकलेले असायचे. यंत्र तर घरात नव्हतंच.

मग तिला दिसलं, अंकुशच्या कानामागचं जावळ विरळ झालंय. तिने ब्रश खोक्यात बांधून अंगणात नेऊन ठेवला.

आज फेकून द्यायला म्हणून तिने खोकं उघडलं. ब्रशमध्ये काळा दोरा गुंतला होता. सकाळीच तिने तो अंकुशच्या मनगटाला बांधला होता. गाठ सुटलेली नव्हती.

सासूबाई शेतावर, धानाच्या बांधीत गेल्यात. अंगणातून झोळी दिसते आहे. ती भरलेली आहे, हलकेच हलतेही आहे. भावनाचा पाय काही पुढे पडत नाही.

तुम्ही दाराजवळ आहात. तेवढं डोकावून सांगा हो, झोळीत आहे तो अंकुशच ना?