फुलपाखरांच्या वाटणीची फुलं

फुलपाखरं यावीत म्हणून शौनकने सीवूड्सच्या आपल्या तळमजल्याच्या घरापुढे झिनिया लावला, पेंटास लावला, झेंडू आणि जास्वंद लावली. झाडं कळ्यांनी नुसती लगडली. पण रोज सकाळी चहाचा कप घेऊन तो बाहेर यायचा, तेव्हा फुलांच्या जागी नुसते देठ उभे! फुलपाखरू सोडा, साधी मधमाशी ढुंकून बघेना. 'ही फुलं फुलपाखरांसाठी आहेत, तोडू नयेत' अशी पाटी लावून झाली, सोसायटीच्या ग्रुपवर भांडून झालं, वॉचमनवर डाफरून झालं. शेजारच्या चौबळकाकू तेवढ्या रोज हळहळायच्या, "काय मेली माणसं तरी! आलं का रे एखादं फुलपाखरू?"

शेवटी एके दिवशी तो उजाडायच्या आतच दाराआड दबा धरून बसला. झुंजूमुंजू झालं आणि परडी घेऊन कोणीतरी कुंपणावरून आत वाकलं. शौनकने मोबाइलची बॅटरी मारली.

"काकू? तुम्ही?"

काकू जराही दचकल्या नाहीत. पाटीचा आधार घेऊन त्यांनी उरलेली जास्वंद खुडली.

"ओरडतोस काय? मी काय चोर आहे? देवाला नेते. तुझा रोजचा पडलेला चेहरा बघवत नाही रे मला. म्हणून तुझ्याच नावाने गणपतीला वाहते. म्हटलं, याच्या बागेत एक तरी फुलपाखरू येऊ दे."

शौनक कुंपणापाशी आला. काकूंनी त्याचा खांदा थोपटला.

"धीर सोडू नकोस. उद्यापासून दोन परड्या वाहते."