भिलाचा पाचवा रिपोर्ट

भिलाच्या फाइलमध्ये चार रिपोर्ट होते, सोनोग्राफीचा एक कागद होता आणि डॉक्टरांच्या हातच्या तीन ओळी. पाचवा रिपोर्ट आत्ताच प्रिंटरमधून बाहेर आला होता.

लॅब सांभाळणाऱ्या रविनाने तो पहिल्या रिपोर्टशेजारी धरला. एप्रिलमध्ये बिलिरुबिन ४.८ होतं, आता १.३. ते एकच्या आसपास असावं लागतं. अल्ब्युमिन २.४ वरून ३.४ वर चढलं होतं. साडेतीनच्या पुढे गेलं की ठीक. प्लेटलेट्स ७२ हजारांच्या १ लाख १८ हजार झाल्या होत्या. एप्रिलमधले आकडे पाहून डॉक्टरांनी भिलाच्या बायकोला, धनुबाईला, बाजूला घेतलं होतं. यकृताचा सिरॉसिस आहे, आणखी घोटभर प्याला तर सासरी दिलेल्या पोरींना बोलावून घ्या, असं सांगितलं होतं.

"काका, सुधारणा आहे," रविना म्हणाली. "बरीच आहे."

भिलाने टोपी काढून मांडीवर ठेवली. "मी सांगत व्हतू ना हिले. आठ महिना व्हयनात, वासबी नही लिधा."

"गटारमा पडेल ऱ्हायेत तवय नाक तरी कोठे व्हतं तुमनं?" धनुबाई म्हणाली.

ती मिरची वाळवायच्या पथारीवरून, कामावरून तशीच आली होती. डोक्याचा रुमाल कपाळावर ओढलेला, डोळ्यांतून पाणी. बोलता बोलता ती दोन्ही हात खाजवत होती. "मिरची अंगले लागस," तिने स्वतःच सांगितलं.

भिला पोरींना फोन करायला बाहेर पायरीवर गेला. धनुबाईने स्टूल पुढे ओढलं.

"ताई, एक सांगस. त्यासले सांगू नको. चैतनी जत्रामा एक जण तंबू लाईसन बठेल व्हता. त्यानापाइन पुड्या लिध्यात. दारू सुटान्या. रोज सांजले त्यासनी दायनी वाटकीमा टाकस. चव लागस नही, वास येस नही."

"किती टाकता?"

"पहिले एक चमचा. रिपोट चांगला येवाले लागना, मंग दोन."

"त्यात काय असतं?"

"जडीबुटी." तिने पाचवा रिपोर्ट उचलून उलटसुलट पाहिला. तिला वाचता येत नव्हतं. "मन्हा हातनं लागू पडनं, ताई."

रविनाने आकडे पुन्हा पाहिले. बिननावाच्या पुड्यांत काय काय निघतं, हे ती वाचून होती. आधीच निकामी झालेलं यकृत रोजच्या दोन चमच्यांनी खचायला हवं होतं. इथे ते सुधारलं होतं. हिशेब जुळत नव्हता. ती उठून पायरीवर गेली.

"काका, दाळीत काही वेगळं लागतं का?"

भिलाने दाराकडे पाहिलं आणि आवाज बारीक केला. "पुडी ना? माले पहिला दिनपाइन म्हाईत शे. टाकताना देखं मी तिले."

"मग?"

"दारू तं मी तवयच सोडी दिधी व्हती. दोन्ही पोरीसनी आन घिसन. पन हिले वाटस, हिन्हा पुडीनीच सुटनी. वाटू दे. तीस वरीस शिव्या दिध्यात, आते आठ महिनापाइन हासीसन वाढस. ते काब्रं मोडू?"

"म्हणजे ती दाळ तुम्ही फेकून देता?"

"अन्न कोनी फेकस का? ती भाकर लेवाले चुल्हाकडे वळनी, का मी वाटक्या बदली टाकस. तिन्ही वाटकी मी खास, मन्ही ती." रविनाकडे पाहून तो थांबला. मग समजुतीच्या सुरात म्हणाला, "दारू सुटानं औशद शे ते, ताई. ती काय दारू पेस? तिले काय करी?"

रविना आत आली. तिने धनुबाईला खिडकीशी उभं केलं, रुमाल मागे सारला, डोळे पुसायला लावले आणि खालची पापणी ओढून पाहिली. मग खुर्चीत बसवून दंडाला पट्टा बांधला.

"मन्हं रगत कसाले?"

"मूठ आवळा, मावशी."

"धीरे टोच बरं. बेवडा तो शे, मी नही."

पाऊण तासाने मशीन थांबलं. नाव धनुबाई, वय अठ्ठेचाळीस, मद्यपान नाही. बिलिरुबिन ५.१. अल्ब्युमिन २.२. प्लेटलेट्स ६१ हजार.