मौनाचा वार

शोभनाकाकूंनी ओठांवर बोट ठेवलं आणि रामिरोच्या तोंडचं पाणी पळालं.

"टुडे?" तो म्हणाला. "दोन्या शोभना, आजच?"

काकूंनी छताकडे बोट दाखवून हात जोडले. वरच्याचं काम आहे, इलाज नाही.

अमेरिकेतल्या श्रूजबरीच्या लायब्ररीत आठवड्याला एकदा सकाळी भरणाऱ्या त्या इंग्रजीच्या वर्गाला काकूंचं मौन ठाऊक होतं. आठवड्यातून एक दिवस, सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत, महादेवासाठी. काकूंनीच ते सगळ्यांना पुन्हा पुन्हा आणि सविस्तर सांगितलं होतं; वार कोणता, हे विचारायला मधे कोणाला जागाच मिळाली नव्हती. काकूंचे यजमान रवींद्रकाका त्या दिवशी ऑफिसचं काम मुद्दाम घरून करत. तो दिवस आपल्याला दिवाळीसारखा असतो, असं ते लोकांना हळूच सांगत.

पण आज परीक्षा होती आणि ती जोडीने बोलायची होती. रामिरोच्या जोडीला काकू होत्या.

रामिरो ग्वाटेमालाचा; काकूंना तो आदराने 'दोन्या', म्हणजे स्पॅनिशमध्ये 'बाईसाहेब', म्हणायचा. एका वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरात भांडी घासायचा. तिथल्या मुख्य आचाऱ्याची जागा रिकामी झाली होती. इंग्रजी बोलण्याचं सर्टिफिकेट आण, जागा तुझी, असं साहेबांनी त्याला सांगितलं होतं. स्वयंपाक त्याला झकास येत होता. इंग्रजीही समजायचं. अडायचं ते क्रियापदाला चिकटणाऱ्या इवल्या इवल्या शब्दांपाशी. 'लुक' म्हणजे बघणं, ठीक. मग 'लुक आफ्टर' म्हणजे सांभाळणं का? आणि 'लुक डाउन ऑन' म्हणजे तुच्छ मानणं का? तो थांबायचा, शब्द शोधायचा, आणि तेवढ्यात शेजारून काकू तो पुरवायच्या. नुसता शब्द नव्हे, अख्खं वाक्य, वर आपल्या सुनेचं एखादं उदाहरण. माया होती हो त्यात. पण अख्ख्या वर्षात रामिरोचं एक वाक्य काही पुरं झालं नव्हतं.

गेल्याच आठवड्यात वर्गाच्या बाई, मिसेस डॉनली, यांनी 'कट ऑफ' शिकवलं होतं. म्हणजे दुसऱ्याचं बोलणं मधेच तोडणं. उदाहरण देताना त्यांनी काकूंकडे पाहिलं. काकूंनी मागे वळून पाहिलं, मागे कोण बसलंय ते.

"बिगिन," मिसेस डॉनली म्हणाल्या आणि वर्णन करायला दोघांपुढे एक चित्र ठेवलं. चित्रात एक स्वयंपाकघर होतं. एक बाई दुधाचा रिकामा डबा उलटा धरून उभी होती. मागे शेगडीवर सूप उतू चाललं होतं.

रामिरोने चित्र पाहिलं. काकूंकडे पाहिलं. शब्द येईना. शेजारून तर आज काहीच येणार नव्हतं.

काकू उठल्या. ओढणी कमरेला खोचली, हातात नसलेली बॅट धरली आणि दोन खुर्च्यांच्या मधून धावत सुटल्या. दुसऱ्या खुर्चीपाशी बॅट टेकवली. मग स्वतःच पंच होऊन बोट वर केलं. आउट.

ग्वाटेमालात कोणी क्रिकेट खेळत नाही.

"नो, नो!" रामिरो ताडकन उभा राहिला. "कोणी धावत नाहीये, दोन्या शोभना! दूध संपलंय! वी रॅन आउट ऑफ मिल्क!"

काकूंनी चित्रातल्या उतू जाणाऱ्या सुपाकडे पाहिलं. चेहऱ्यावर समाधान पसरलं. नव्या घरात पहिल्या दिवशी दूध उतू गेल्यावर करावा तसा त्यांनी सुपाला मनोभावे नमस्कार केला.

रामिरोचा तोल सुटला.

"नमस्कार कसला? धिस इज बॅड! इट इज बॉइलिंग ओव्हर! आधी गॅस टर्न ऑफ! मग फरशी क्लीन अप! एखादे आजोबा आत आले, घसरले, तर? कोण त्यांना पिक अप करणार? कोण लुक आफ्टर करणार? माझ्या किचनमध्ये असला गोंधळ, आय विल नॉट पुट अप विथ इट!"

वर्गात मग टाळ्या पडल्या. मिसेस डॉनलींचं लिहिणं कधीच थांबलं होतं. काकूही टाळ्या वाजवत होत्या. तोंड त्यांनी इतकं घट्ट मिटलं होतं की गाल फुगले होते.

रामिरो पास झाला. काकूंना मात्र परीक्षेला पुन्हा बसावं लागेल, असं मिसेस डॉनली म्हणाल्या. काकूंनी आनंदाने मान हलवली.

बाहेर रवींद्रकाका जेवणाच्या सुट्टीत त्यांना न्यायला आले होते. काकू गाडीत बसून पट्टा लावत होत्या, तेवढ्यात रामिरो सर्टिफिकेट हलवत धावत आला. बेसबॉलमध्ये रेड सॉक्स जिंकल्यापासून त्याच्या डोक्यावर चढलेली टोपी आज पहिल्यांदा उतरली.

"काका, थँक यू! दोन्या शोभनांचं व्रत, इट हेल्प्ड मी आउट!"

"कसलं व्रत?"

"सायलेन्स! आजचं!"

"आज तर ट्यूसडे," काका म्हणाले. "शी इज सायलेंट ऑन मंडे."

रामिरोने आधी सर्टिफिकेटकडे पाहिलं, मग काकूंकडे. काका खिडकीतून आत वाकले.

"अगं, महादेवाच्या नावावर खोटं बोललीस?"

"बोलले कुठे?" काकू म्हणाल्या. "आणि महादेवाला सकाळीच सांगून ठेवलंय, आजचं मौन हे सोमवारच्या बदली. येत्या सोमवारी बोलेन दिवसभर. फिटंफाट."

"सोमवारी?" काकांच्या हातातली किल्ली खाली पडली.