सहा स्टेशनं

यशवंतपूरच्या ऑफिसात मी सहा एफएम स्टेशनं एकदम रेकॉर्ड करणारं कार्ड कॉम्प्युटरमध्ये बसवलं. स्क्रीनवर सहा हिरव्या पट्ट्या नाचायला लागल्या, स्पीकरमधून सगळ्यांचा एकच गलका.

"झालं, अण्णा!" मी ओरडले.

सहाही पट्ट्या खाली बसल्या. स्पीकर चिडीचूप. मी गप्प झाले तसा गलका परत सुरू.

"वायर स्वल्प सैल असेल," शेजारच्या टेबलावरून संताजीअण्णा म्हणाले. ते बोलत होते तेव्हा पट्ट्या आपल्या नाचतच होत्या.

"सैल नाहीये. मीच लावलीय."

सहाही स्टेशनं शब्द अर्धवट टाकून थांबली.

अण्णा हसले. "तुझं ऐकतायत वाटतं, शाल्मली."

मला तिथे बसवेना. बॅग उचलून मी खाली पळाले आणि समोरच्या रिक्षात शिरले. रिक्षात एफएमवर गाणं लागलं होतं.

"एल्लिगे, मॅडम?" ड्रायव्हरने कुठे जायचं ते विचारलं. गाणं चालूच राहिलं.

मी तोंड उघडलं नाही. फोनवर घरचा पत्ता टाइप करून त्याच्यापुढे धरला.

त्याने तो मोठ्याने वाचायला घेतला.

गाणं थांबलं, आणि पत्ता संपेपर्यंत थांबून राहिलं.